कवठ, शंख आणि तिरके टेबल

पत्र

माझे सासरे चित्रकार बेंद्रे सरांच्या काळात बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये शिकले आणि पुढे निवृत्त होईपर्यंत शाळेत चित्रकला शिकवत राहिले. त्यांचे १९६१ सालचे एक तैलचित्र आमच्याकडे आहे. दांडिया बाजारातल्या जुन्या घरी ते कपाटामागे भिंतीला टेकवून ठेवलेले असे. आता आम्ही गोत्रीला सातव्या मजल्यावर राहायला आलो असून ते हॉलमध्ये लावावे, असे माझ्या मनात आहे. चित्रात एका टेबलावर कवठ, शंख, वाळलेला भोपळा, बैलाचे शिंग आणि बाभळीची काटेरी फांदी आहे. घरात प्रत्येकाचे मत निराळे. इंजिनिअर मुलगा म्हणतो की टेबल तिरके आहे आणि सावल्या चुकल्या आहेत. सासूबाईंना वाळकी फांदी आणि शिंग भिंतीवर नको आहे. इंटिरिअर डिझायनरने सोनेरी नक्षीची फ्रेम, सोफ्यावरची जागा आणि खाली एका फळीवर खरे शंख-शिंपले सुचवले आहेत. यजमानांना दिवाळीपूर्वी चित्र बटाट्याने पुसून वर वॉर्निश मारायचे आहे. चित्राचे आणि हॉलचे फोटो सोबत पाठवत आहे. हे चित्र लावण्याजोगे आहे का, आणि असल्यास ते कसे लावावे?

— एक वाचक, बडोदे

उत्तर

सप्रेम नमस्कार.

चित्र लावण्याजोगे आहे, याविषयी फोटो पाहिल्यावर माझ्या मनात शंका उरली नाही. पण बाकीचे सारे बोलणे होण्याआधी यजमानांच्या हातातला बटाटा स्वयंपाकघरात परत जाऊ द्या. बटाट्याचा काप, पावाचा चुरा, ओले फडके, साबणाचे पाणी हे तैलचित्र उजळवण्याचे घरगुती उपाय पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जातात आणि त्यांनी नेमके नुकसानच होते. साठ वर्षांच्या रंगाला डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या भेगा पडलेल्या असतात. ओलावा त्यांतून खालच्या अस्तरापर्यंत (रंगाआधी कॅनव्हासवर दिलेल्या थरापर्यंत) उतरतो, अस्तर फुगते आणि रंगाचे पोपडे सुटू लागतात, तर बटाट्याचा स्टार्च भेगांत बसून पावसाळ्यात बुरशीला खाद्य पुरवतो. खोलीत अंधार करून विजेरीचा झोत चित्रावर बाजूने, जवळजवळ समांतर सोडून पाहावे. रंग कोठेही उचललेला दिसला नाही, तर नवा, रुंद, मऊ केसांचा कोरडा ब्रश वरून खाली हलकेच फिरवावा; एवढी सफाई पुरेशी आहे. पोपडा उचललेला दिसला, तर ब्रशही लावू नये. महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे. तेथे चौकशी केल्यास चित्रांच्या जतनाचे काम जाणणाऱ्या व्यक्तीपर्यंत पोहोचता येईल.

वॉर्निशचे कारण याहून निराळे आहे. फोटोत भोपळ्याचा आणि टेबलाचा पृष्ठभाग कोरडा, खडूसारखा दिसतो, आणि चित्र जुने होऊन निस्तेज झाले असावे, असे यजमानांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आधुनिक चित्रकारांपैकी अनेकांनी चित्रावर चकाकी नाकारली ती जाणूनबुजून. फ्रान्समध्ये काम करणाऱ्या ब्राक आणि पिकासो या चित्रकारांना आपल्या घनवादी (एकच वस्तू एकाच वेळी अनेक बाजूंनी, कोनाकोनांत मांडणाऱ्या) चित्रांवर वॉर्निश चढवलेले मुळीच खपत नसे, कारण वॉर्निशने गडद रंग अधिक खोल जातात, फिकट रंग पुढे येतात आणि जी चित्रे मुद्दाम एका सपाट पातळीवर तोलून धरलेली असतात त्यांचा तोल बिघडतो. आपल्या सासऱ्यांच्या चित्रातला करडा आणि मातकट पिवळा हे दोन रंग असेच शेजारी शेजारी, एकमेकांच्या बरोबरीने उभे आहेत. वॉर्निश एकदा चढले की ते घरच्या घरी काढता येत नाही, हेही यजमानांना सांगावे.

आता आपल्या चिरंजीवांच्या आक्षेपाकडे वळतो, कारण चित्र कसे लावावे याचे उत्तरही त्यातूनच निघते. टेबल तिरके आहे, हे त्यांनी ओळखले याबद्दल मी त्यांचे अभिनंदन करतो. बहुतेक पाहणाऱ्यांच्या ते लक्षातही येत नाही. फोटोत पाहिले तर टेबलाची पुढची कड डावीकडून सुरू होते, शंखाच्या मागे जाते आणि उजवीकडे बाहेर पडते तेव्हा जवळजवळ दोन बोटे वर सरकलेली असते. मात्र ज्या गृहस्थांनी नोकरीची सारी वर्षे शाळेतल्या मुलांना घडवंची आणि बादली पर्स्पेक्टिव्हमध्ये काढायला शिकवली, त्यांना टेबल सरळ काढता येत नव्हते असे मानणे कठीण आहे. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच चित्रकार पॉल सेझान यांचे सफरचंदांच्या टोपलीचे, सुमारे १८९३ मधले एक चित्र आहे. त्यातही पांढऱ्या कापडाच्या डावीकडे दिसणारी टेबलाची कड आणि उजवीकडे दिसणारी कड एका रेषेत येत नाही, आणि मधली बाटली चक्क कललेली आहे. सेझान एकाच जागी डोळा खिळवून पाहत नव्हते. आपण प्रत्यक्षात टेबलापाशी बसतो तेव्हा मान हलते, एका वस्तूकडे वाकून पाहिले जाते, दुसरीकडे समोरून. हे सारे पाहणे त्यांनी एकाच कॅनव्हासवर साठवले. त्यांच्यानंतर १९०७ ते १९१४ च्या दरम्यान ब्राक आणि पिकासो यांनी हीच वाट टोकापर्यंत नेली, आणि ती नेताना त्यांना बहुतेक वेळा टेबलावरच्या साध्यासुध्या वस्तूच पुरल्या.

हे सारे बडोद्यापर्यंत कसे आले, ते आपल्या घरात ठाऊक असेलच. तरी चिरंजीवांसाठी थोडक्यात सांगतो. नारायण श्रीधर बेंद्रे हे इंदूरचे, जन्म १९१० चा. इंदुरात चित्रकला-शिक्षक देवळालीकरांच्या हाताखाली त्यांनी चित्रकलेचे पहिले धडे घेतले. १९५० मध्ये बडोद्याला फाइन आर्ट्सची विद्याशाखा सुरू झाली तेव्हा ते चित्रकला शिकवण्यासाठी येथे आले आणि १९६६ पर्यंत राहिले. त्या पहिल्या दशकात ते स्वतः घनवादी मांडणीचे प्रयोग करत होते आणि ज्योती भट्ट, शांती दवे, गुलाम मोहम्मद शेख यांच्यासारखे विद्यार्थी त्यांच्या वर्गात घडत होते. त्या वातावरणात शिकलेल्या तरुणाच्या १९६१ च्या कॅनव्हासवर टेबल शाळेच्या चित्रकला परीक्षेतल्यासारखे सरळ आले असते, तरच मला आश्चर्य वाटले असते.

वस्तूंची निवडही मला फार जाणती वाटते. बाटली, पेला, सुरई यांना मधोमध एक आस असते. ती जरा कलली की पाहणाऱ्याला चूक झाल्यासारखे वाटते. शंख, शिंग, भोपळा, फांदी यांना अशी सरळ आस नसतेच. त्या वाढताना जशा वळल्या तशा वळल्या. त्यामुळे चित्रकाराला त्या हव्या तशा फिरवता येतात, एकीकडून आणि वरून अशा दोन्ही बाजूंनी एकदम दाखवता येतात, आणि तरीही त्या खऱ्या वाटतात. आपल्या चित्रात शंख कडेने दिसतो, पण त्याचे गुलाबी मुख मात्र आपल्याकडे वळलेले आहे, जे प्रत्यक्षात एकाच वेळी दिसणे शक्य नाही. शिंगाचा बाक आणि बाभळीच्या फांदीचा बाक एकमेकांसमोर कंसासारखे येतात. मला सर्वांत आवडलेली जागा कोणतीही वस्तू नव्हे; भोपळ्याची मान आणि शिंगाचे टोक यांच्यामध्ये मातकट पिवळ्या रंगाचा एक तिकोनी तुकडा उरला आहे. पार्श्वभूमी म्हणून तो पुसट भरून सोडता आला असता. पण तेथले ब्रशचे फटकारे तिकोनाच्या कडांबरोबर वळलेले, भोपळ्याइतक्याच जाड रंगाचे आहेत. आपल्या सासऱ्यांनी तो रिकामा तुकडाही एक वस्तू म्हणून रंगवला आहे. चिरंजीवांना म्हणावे, फोटोतले कवठ अंगठ्याने झाकून पाहा. डावी बाजू लगेच हलकी होते आणि सगळे टेबल उजवीकडे घसरल्यासारखे वाटते. कवठाची सावली डावीकडे आणि भोपळ्याची उजवीकडे का पडली आहे, तेही मग कळेल: दिवा कोठे होता हे सांगण्यासाठी त्या सावल्या नाहीत, दोन वस्तूंमधली फट नेमकी तेवढीच ठेवण्यासाठी आहेत.

म्हणून हे चित्र वस्तूंइतकेच वस्तूंमधल्या जागांवर उभे आहे, आणि ते लावताना भिंतीनेही त्याला जागा द्यावी, एवढीच माझी अपेक्षा आहे. डिझायनरच्या तीनही सूचनांना मी नाही म्हणतो ते याच कारणाने. सर्वांत आधी ती खऱ्या शंख-शिंपल्यांची फळी. कल्पना गोंडस आहे, हॉटेलच्या लॉबीत खपूनही जाईल. पण चित्राखाली खरा शंख ठेवला की येणारा प्रत्येक पाहुणा चित्र पाहण्याऐवजी दोन्ही शंखांचे साम्य तपासत बसतो, आणि नेमका जो प्रश्न या चित्राला विचारायचा नाही तोच विचारला जातो. शिवाय फळीवरची गर्दी त्या तिकोनी रिकाम्या तुकड्याशी स्पर्धा करते. फळी नको, झाडाची कुंडी नको, शेजारी घड्याळ नको. डाव्या-उजव्या बाजूंना किमान चित्राच्या अर्ध्या रुंदीइतकी भिंत मोकळी राहू द्या. हल्ली एका भिंतीला खरबरीत टेक्स्चर देण्याची टूम आहे, ती भिंतही या चित्रासाठी टाळावी. किंचित उबदार पांढरा, सपाट रंग उत्तम.

सोनेरी नक्षीच्या फ्रेममध्ये हे चित्र म्हणजे खादीच्या सदऱ्यावर जरीचा शेला. जड कोरीव फ्रेम जेथे चित्रातच जर, दागिने, खांब आणि पडदे असतात तेथे शोभते. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातील फतेहसिंह संग्रहालयात रविवर्म्यांची चित्रे पाहावीत, म्हणजे फरक ध्यानात येईल. आपल्या चित्राला सागवानाची बोटभर रुंदीची साधी पट्टी पुरे, किंवा कॅनव्हास आणि फ्रेम यांच्यामध्ये अर्ध्या बोटाची फट सोडणारी फ्लोटर फ्रेम. फ्रेमवाल्याकडे चित्र देताना समोर उभे राहून सांगावे लागते की कॅनव्हास कापायचा नाही, समोरून खिळा मारायचा नाही आणि खाचेत बसवताना कोपऱ्यातली सही झाकायची नाही. तैलचित्राला काच लागत नाही. कॅनव्हास सैल वाटला म्हणून मागच्या चौकटीच्या कोपऱ्यांतल्या लाकडी पाचरी ठोकून ताण देण्याचा उत्साह काही कारागिरांना असतो. साठ वर्षांच्या रंगाला तो ताण सोसत नाही, तेव्हा पाचरींना हात लावू देऊ नये.

जागेविषयी. आपण पाठवलेल्या फोटोंवरून सोफ्यामागची भिंत ही इमारतीची पश्चिमेकडची बाहेरची भिंत दिसते. बडोद्याचा उन्हाळा आणि नैर्ऋत्येकडून झोडपणारा पाऊस ती भिंत थेट सोसते. मे महिन्यात ती तापते, ऑगस्टमध्ये दमट होते, आणि कॅनव्हास, अस्तर व रंग हे तिन्ही थर वेगवेगळ्या प्रमाणात आकसत-फुगत राहिल्याने भेगा वाढतात. त्याशिवाय सोफ्यावर बसलेल्यांना त्यांच्या पाठीमागचे चित्र दिसत नाही, आणि त्यांच्या डोक्याचे तेल मात्र फ्रेमला लागते. बाल्कनीच्या अगदी समोरची भिंतही नको, कारण मावळतीचे ऊन रोज तासभर चित्रावर पडेल. तिसऱ्या फोटोत जेवणाच्या टेबलाजवळ, बेडरूमकडे जाणाऱ्या पॅसेजच्या तोंडाशी एक अरुंद भिंत दिसते; डिझायनरने तिची दखलही घेतलेली नाही. ती आतली भिंत आहे, तिच्यावर ऊन येत नाही, एसीचा झोत तिच्या दिशेने नाही. शिवाय जेवायला बसलेल्या माणसाला ती सावकाश पाहता येते, आणि अशा चित्राला सावकाश पाहणाराच हवा. स्वयंपाकघराचे दार तिच्यापासून दूर आणि चिमणी चालू राहत असेल, तर फोडणीच्या धुराची भीती फारशी नाही. अन्यथा फ्रेमवर वर्षभरात चिकट थर बसेल आणि मग आपण पुन्हा बटाट्यापाशी येऊ.

संग्रहालयांत चित्राचा मध्यबिंदू साधारणपणे जमिनीपासून १४५ ते १५२ सेंटिमीटरवर ठेवतात, तो उभ्याने पाहणाऱ्यांसाठी. येथे पाहणारे बहुधा बसलेले असतील, म्हणून मध्य १३५ ते १४० वर आणावा. घरोघरी चित्रे छताच्या बाजूला फार उंच लावलेली असतात, ती सवय मोडावी. एका हूकऐवजी दोन हूक वापरल्यास चित्र कलत नाही (टेबल तिरके असलेले चित्र स्वतःही कललेले असले, तर मात्र चिरंजीवांचे खरे मानावे लागेल). फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यामध्ये हवा खेळती राहते व कसर, वाळवी यांना आडोसा मिळत नाही. दिव्यासाठी बारीक झोताचा स्पॉटलाइट घेऊ नये. तो मधोमध पांढरा डाग पाडतो आणि जाड रंगाच्या प्रत्येक उंचवट्याची नको ती सावली दाखवतो. रुंद झोताचा, २७०० ते ३००० केल्विनचा, रंगदर्शक निर्देशांक (सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचे माप) ९० च्या वर असलेला एलईडी दिवा छतातून सुमारे ३० अंशांच्या कोनात चित्रावर येऊ द्यावा. दुकानदाराला हे आकडे खोक्यावर दाखवायला सांगावे. चित्रातला प्रकाश आणि खोलीतला प्रकाश एकाच बाजूने यावा, असा एक जुना नियम आहे; सावल्याच दोन दिशांना जात असलेल्या चित्राला तो लागू करण्याची गरज नाही.

सासूबाईंचे मत मी शेवटी घेतले असले, तरी डिझायनरच्या मतापेक्षा ते मला वजनदार वाटते, कारण भिंतीसमोर दिवसाचे सर्वाधिक तास त्याच बसणार आहेत. वाळलेल्या वस्तूंचा त्यांना वाटणारा संकोच समजण्यासारखा आहे. तरी एक गोष्ट त्यांच्यापुढे ठेवून पाहावी. वाळलेला भोपळा अशुभ मानायचा, तर गायक मौलाबक्षांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली त्या या गावात एकाही घरात भोपळ्याचा तंबोरा ठेवता येणार नाही. शंख तर देवघरातच असतो. उरले शिंग आणि काटेरी फांदी. अमेरिकेत जॉर्जिया ओ’कीफ या चित्रकर्तीने न्यू मेक्सिकोच्या ओसाड रानातून जनावरांची वाळलेली हाडे गोळा करून पिंपांत भरून न्यूयॉर्कला नेली आणि १९३१ मध्ये गाईच्या कवटीचे जे चित्र काढले ते आज तेथील मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्या हाडांकडे पाहताना त्यांना मरण आठवत नव्हते, रानाचा उजेड आठवत होता. अर्थात परदेशी दाखल्याने सासूबाईंचे समाधान होईलच असे नाही, आणि होण्याची सक्तीही नाही. त्यांच्या खुर्चीच्या आणि देवघराच्या थेट समोर चित्र येणार नाही, एवढे पाहावे. पॅसेजच्या तोंडाशी असलेल्या भिंतीचा हाही एक फायदा. या वस्तू आपल्या सासऱ्यांनी कोठून आणल्या होत्या, हे मात्र त्यांना जरूर विचारावे. ते ठाऊक असणारे घरात दुसरे कोणी नसेल.

त्या जे सांगतील ते तारीख घालून एका कागदावर लिहावे. कागद कॅनव्हासला न चिकटवता पाकिटात घालून फ्रेमच्या मागच्या पाट्याला बाहेरून लावावा. फ्रेमवाल्याकडे देण्यापूर्वी चित्राच्या मागच्या बाजूचे स्वच्छ फोटो काढावेत. तेथे पेन्सिलीने लिहिलेले नाव, वर्ष, एखाद्या प्रदर्शनाची चिठ्ठी असू शकते आणि नवा पाटा बसला की ती दिसेनाशी होते. चित्राची किंमत आपण विचारलेली नाही, म्हणून मीही तिच्या वाटेला जात नाही. एक मात्र बरे झाले की २०१९ आणि २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा चित्र जुन्या घरातल्या त्या कपाटामागे असूनही वाचले.

घाई मात्र करू नये. नव्या फ्लॅटच्या भिंतींत गिलाव्याचा ओलावा बरेच महिने राहतो आणि ताज्या रंगातून बाहेर पडणाऱ्या वाफा तैलरंगाला मानवत नाहीत. दिवाळीपूर्वीचे रंगकाम उरकल्यावर निदान तीन-चार आठवडे खिडक्या उघड्या ठेवून जाऊ द्यावेत, भिंतीवर हात ठेवून ती कोरडी लागते का ते पाहावे आणि मगच ड्रिल मागवावे. तोवर चित्र माळ्यावर किंवा पलंगाखाली आडवे न टाकता बेडरूमच्या आतल्या भिंतीशी, दोन लाकडी ठोकळ्यांवर उभे करून, धुतलेल्या सुती चादरीने झाकून ठेवावे. प्लॅस्टिक गुंडाळू नये; आत दमटपणा कोंडतो.